दोन हजार अठ्ठेचाळीस घरं

जावईबापू चार दिवस जेवतानासुद्धा आकडाच चघळत होते, आणि सासूबाईंना हे मुळीच खपत नव्हतं. संगणकातल्या गुप्त कुलपासाठी त्यांना फक्त एक आणि शून्य या अंकांनी भरलेली दोन हजार अठ्ठेचाळीस घरं असलेला आकडा हवा होता. तपासणारं यंत्र मात्र तो "लहान आहे" म्हणून परत पाठवायचं. संध्याकाळपर्यंत काम झालं नाही तर रजा रद्द होणार होती, आणि लेक भरलेल्या बॅगेवर तोंड फुगवून बसली होती.

"आई, घरं मी स्वतः मोजलीत. बरोबर भरतात," जावई कुरकुरले. "तुम्हाला नाही कळायचं ते."

सासूबाईंनी चष्मा सावरून पडद्यावरच्या अंकांच्या रांगेच्या तोंडाशी बोट टेकवलं. "ह्या पहिल्या घरात काय बसवलंय?"

"शून्य."

"डावीकडचं शून्य मोजत नसतात. मी दुसरीत शाळा सोडली, पण तेवढं शिकून सोडली."

जावयांनी तिथे एक ठेवला. यंत्राने आकडा पास केला. लेक बॅग उचलून दाराशी पोचलीसुद्धा.

सासूबाईंनी जावयांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट न्याहाळलं.



"जावईबापू, लग्न ठरवताना उंचीही तुम्ही बुटांसकटच सांगितली होतीत."