तीन खोटे अर्थ

"या तीन पाकिटांत तीन वेगवेगळी आमिषं आहेत," कोशकार बायकोला म्हणाला. "आता कोण गळाला लागतं ते बघायचं."

टेबलावर ‘सेट’ या इंग्रजी शब्दाच्या नोंदीच्या तीन हस्तलिखित प्रती होत्या. शब्द एवढासा, पण एकोणीस वर्षं त्याने कोशकाराच्या नाकी नऊ आणले होते. कपबशांचा सेट, सिनेमाचा सेट, टेनिसमधला सेट. मोडलेलं हाड बसवणं, घड्याळ लावणं, सिमेंट घट्ट होणं, सूर्य मावळणं. बरं, मूळ तरी एक असावं? एक शब्द ‘बसवणं’ हा अर्थ घेऊन जुन्या इंग्रजीतूनच आलेला. दुसरा ‘अनुयायांचा गट’ या अर्थाचा, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे फिरत आलेला. पुढे दोघे एकाच घरात नांदायला लागले आणि कोणाचं काय ते सांगता येईनासं झालं.

गेल्या वर्षी दुसऱ्याच एका प्रकाशकाने कोशाचा खंड काढला. त्यात ‘रन’ हा शब्द होता, तो जसाच्या तसा आपल्या कोशकाराचा. अर्थांचा क्रम तोच, उदाहरणं तीच. त्या दिवसापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याचं हस्तलिखित तिघांच्याच हाती जाई: सहायक बाई, मुद्रितं तपासणारा त्याचा शाळेपासूनचा मित्र, आणि छापखान्याचे मालक. तिघांपैकी एकाने घात केला होता, आणि कोणी ते कळल्याशिवाय त्याला घास गोड लागणार नव्हता.

कोशाच्या धंद्यात चोर पकडायची एक जुनी रीत आहे. खऱ्या अर्थांत एखादा मनचा अर्थ घुसडून द्यायचा. चोर तोही खरा समजून उचलतो. कोशकाराने तिन्ही प्रती स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या. बाईंच्या प्रतीत ‘मधाच्या पोळ्यातला रिकामा कप्पा’, मित्राच्या प्रतीत ‘जहाजावरचा राखीव दोर’, मालकांच्या प्रतीत ‘आंधळ्या घोड्याची चाल’. तिन्ही शुद्ध थापा.

"आणि खऱ्या अर्थांची कार्डं?" बायकोने विचारलं.

"ती घरात. तुझ्या कपाटात, गरम कपड्यांखाली. तिथे कोण जातंय!"

"खरंच, तिथे कोण जातंय," बायको म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली.

पाकिटं गेली. आठवड्याने बायकोच्या भाचीचं लग्न होतं. निघायची वेळ झाली तरी कोशकार खरी कार्डं पसरून बसला होता. एका अर्थाला उदाहरणच नव्हतं.

"अगं, ‘केस बसवणं’ याला एक वाक्य सुचव ना."

ती दारात उभी होती. "लिहा. ती केस बसवून तासभर दाराशी उभी होती. त्याने मान वर केली नाही."

"वा! फक्कड!" त्याने ते पेन्सिलीने कार्डावर उतरवून घेतलं. मान खालीच होती. लग्नाला ती एकटीच गेली.

परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "छापा ना हो आता. लोकांच्या हाती जाऊ दे एकदाचं."

"दोन अर्थ राहिलेत अजून."

"एकोणीस वर्षं दोनच राहिलेत."

तो हसला. विनोद त्याला आवडला होता.

पुढचे महिने वाईट गेले. सहायक बाई फोन घेऊन बाहेर गेल्या की हा कान टवकारायचा. शेवटी त्यांनी राजीनामा टेबलावर ठेवला. मित्राला तर त्याने तोंडावर विचारलं, "किती दिवस चाललंय हे?" मित्र टोपी उचलून निघून गेला. तो पुन्हा आला नाही. मालकांनी निरोप धाडला की यापुढे काम दुसरीकडे द्यावं. एकजण चोर आहे म्हटल्यावर कोशकाराला तिघेही नकोसे झाले होते.

मग एका सकाळी त्या दुसऱ्या प्रकाशकाचा नवा खंड आला. कोशकाराने दार लावून घेतलं, चष्मा पुसला, तिन्ही थापा एका कागदावर लिहून शेजारी ठेवल्या आणि पान उघडलं.

‘सेट’ होता. पाच पानं. सगळा त्याचाच.

त्याने बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. रिकामा कप्पा नव्हता. राखीव दोर नव्हता. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आंधळा घोडाही कुठे नव्हता. पाचही पानांत एकही अर्थ खोटा नव्हता.

म्हणजे मित्राने काही केलं नव्हतं. बाईंनीही नाही. कोणीच नाही.

"सापडला का हो चोर?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

त्याने पानं पुन्हा चाळायला घेतली. बोट चौथ्या पानाच्या तळाशी आलं होतं. ‘केस बसवणं’. त्याखाली बारीक टाइपात उदाहरण छापलं होतं:

‘ती केस बसवून तासभर दाराशी उभी होती, त्याने मान वर केली नाही.’