भंडाऱ्याची पेज

२०१८ साल, मे महिन्यातला एक रविवार. भिलाईच्या स्टील प्लांटच्या सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये पायलला पाहायला नागपूरहून माणसं यायची होती. तिच्या आईने, आम्रपालीने, सकाळीच बासीचं पातेलं उचललं आणि मागच्या खोलीत सासूच्या खाटेखाली सरकवलं. वरून टोपलं पालथं घातलं.

बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवायचा आणि सकाळी कांदामिठाशी खायचा. भंडारा जिल्ह्यातून इथे आलेल्या शेवंताबाईंना छत्तीसगढी शेजारणीकडून हे शिकून साठ वर्षं होत आली होती. खाटेवर बसून त्या सुनेकडे पाहत होत्या.

"भात आहे तो, आम्रपाली. चोरीचा माल नोहे."

"आजचा दिवस राहू द्या न, माय. ते लोक हसतीन."

अकराला पाहुणे आले. मुलगा अमरदीप आणि त्याचे काका चंपतराव. अमरदीपला वडील नव्हते. काकांचा शब्द शेवटचा. इथले ऑटोवाले बाहेरच्या माणसाला लुटतात असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून चंपतराव पुतण्याला घेऊन स्टेशनापासून पायी आले होते. शर्ट पाठीला चिकटला होता. पायलने पाणी पुढे केलं तर म्हणाले, "पाणी नको, चा दे, बाई. आमी नागपूरचे. ऊन आमाले काय दाखवता?"

बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडून ते खुर्चीत बसले.

"इकडे नक्षली दिसते काय हो कधी?"

पायलचे वडील नरेश रात्रपाळी करून आले होते, झोपले नव्हते. "नाई दिसले," ते म्हणाले. "गायी दिसते. रस्त्यावर बसून रायते, हॉर्न मारा, उठत नाई."

अमरदीप हसला. काका हसले नाहीत.

"पोरगी मराठी बोलते न?"

"बोलते ना," पायल म्हणाली. "मतलब... घरी तर मराठीच बोलतो आम्ही."

"मतलब," चंपतराव म्हणाले आणि पुतण्याकडे पाहिलं. "आता पाहा, छत्तीसगढी माणूस कसा रायते? रातचा भात पाण्यात टाकते, सकाळी खाते अन् दुपारभर लोळते. तुमी काई तसे नाई न झाले?"

"नाई, नाई, भाऊ," आम्रपाली घाईने म्हणाली. "आमच्या घरी भाकर."

नरेशनी जमिनीकडे पाहिलं. आठ तास भट्टीसमोर उभा राहून आलेला माणूस. सकाळी साडेसहाला त्यांनी वाटीभर बासी खाल्ली होती.

पोहे आले. चंपतरावांनी एक घास घेतला आणि बशी खाली ठेवली. कपाळाला हात लावला. मग खुर्चीतच एका अंगाला कलले. हात गार, तोंड लाल. अमरदीप "काका, काका" करत उठला. नरेश डॉक्टरला आणायला स्कूटर घेऊन पळाले. आम्रपाली पुठ्ठ्याने वारा घालू लागली.

शेवंताबाई उठल्या. खाटेखालचं टोपलं काढलं. पातेल्यातलं गार पाणी पेल्यात ओतलं, मीठ टाकलं, कांदा ठेचून पिळला. आम्रपाली दारात आडवी आली.

"माय, ते नका देऊ."

"सरक. माणूस पडून राहिला तिकडे."

चंपतरावांनी एक घोट घेतला, मग दुसरा. दोन पेले गेले. थोड्या वेळाने ते सरळ बसले. तोंडाची लाली उतरली होती.

"आजी, काय पाजलं हो हे? छातीतली आग गेली."

कूलर घरघरत होता. आम्रपालीने डोळ्यांनी सासूची विनवणी केली. पायलही आजीकडेच पाहत होती. तो भात रात्री तिनेच भिजवला होता.

शेवंताबाईंनी पदराने हात पुसले.

"पेज आहे, बाबा. तांदळाची. आपल्या भंडाऱ्याकडची."

"वाटलंच मले!" चंपतरावांनी मांडीवर थाप मारली. "मराठी माणसाचा हात लपते काय कुठी? पोरगी पसंत आहे आमाले."

नरेश डॉक्टरला घेऊन आले तेव्हा आम्रपाली पेढे शोधत होती.

पाहुणे गेल्यावर पायल खाटेशी येऊन उभी राहिली.

"आजी, झूठ कावून बोलली?"

"तुह्यासाठी."

"मैंने बोला था क्या?"

शेवंताबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. "थकली मी, बाई," एवढंच म्हणाल्या.

डिसेंबरात लग्न झालं. नरेश दोन वर्षांनी रिटायर झाले, क्वार्टर सुटलं. आता ते आणि आम्रपाली भिलाईजवळ जामुलला स्वतःच्या घरात राहतात. शेजारी त्यांना 'मराठी लोग' म्हणतात. चंपतराव त्या उन्हाची गोष्ट अजून सांगतात आणि भंडाऱ्याच्या पेजेची तारीफ करतात. शेवंताबाई जामुलच्या घरात एकच पावसाळा राहिल्या. शेवटच्या आठवड्यात त्यांना दुसरं काही गिळवत नव्हतं; आम्रपाली वाटी-चमच्याने बासीचं पाणी पाजायची.

पायल नागपुरात असते. तिथल्या बायका तिला 'छत्तीसगढीन' म्हणतात. रोज रात्री ती उरलेल्या भातात पाणी घालते आणि पातेलं ओट्यावर ठेवते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. वर झाकण असतं. ते फक्त मांजराने तोंड घालू नये म्हणून.