लूपच्या पोटात लूप

"इकडच्या हरेकाची तिकडच्या हरेकाशी जोडी लावायची. एक बी सुटता कामा नये," मिर्झा सर म्हणाले. मशीनमध्ये सहा नावं होती. डाव्या बाकाची तीन, उजव्या बाकाची तीन. "म्हाळसा, ऊठ बेटा."

म्हाळसा अनवाणीच पुढं गेली. चपला जिन्यातच काढायच्या, धुळीनं कॉम्प्युटर बिघडतो, असा औरंगपुऱ्यातल्या त्या क्लासचा कायदा. बाकांचा मात्र काही कायदा नव्हता. विद्यापीठाचं नामांतर झालं, दंग्याच्या भीतीनं बंद ठेवलेला क्लास पुन्हा उघडला, तर पोरं-पोरी आपसूकच दोन बाकांवर वाटल्या गेलेल्या. त्या दिवशी सरूनं आनंदाचे पेढे आणले होते. अख्खा बाक बघतोय म्हणून म्हाळसानं घेतला नाही. वेरूळच्या एसटीत रोज शेजारी बसणारी सरू तेव्हापासून तिच्याशी अवाक्षर बोललेली नव्हती. ती एकदा बोलावी, एवढंच म्हाळसाला हवं होतं. प्रोग्राम गेला चुलीत.

तरी तिनं एक लूप लिहिला, म्हणजे मशीनला तेच काम फिरून फिरून करायला लावणाऱ्या ओळी. बटण दाबलं. पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा, तिसऱ्याला तिसरा. तीन जोड्या आल्या न् मशीन गप्प.

"अगं, लग्नातल्या भेटी घालतीस का? मामाला मामा, चुलत्याला चुलता?" सर म्हणाले, न् दोन्ही बाक हसले.

खरंच, तिच्या डोक्यात तेच होतं. सोयरे असेच भेटतात, बरोबरीच्याला बरोबरीचा.

"एका लूपनं नाय भागत. लूपच्या पोटात लूप घाल."

आता पोटातला कधी फिरणार न् बाहेरचा कधी? म्हाळसा पडद्याकडं बघत राहिली. मग तिला घरचं लग्न आठवलं. एकाच मांडवात दोघा चुलतभावांची लग्नं, दोन नव्या सुना. वडीलधारी ओळीनं बसलेली. थोरली सून एकेकाच्या पाया पडत गेली, तोवर धाकटी पदर सावरून उभी. थोरलीचं सरलं तेव्हा धाकटी निघाली, आणि थोरली जिथं थांबली तिथून नाही, पार पहिल्या आजीपासून.

"बाई गं!" ती मोठ्यानं म्हणाली. "बाहेरचा लूप म्हंजी सुना. आतला म्हंजी वडीलधारी! एकीचं पुरं झाल्याबिगर दुसरी हालत नाय. न् दुसरी आली की पुन्हा पहिल्यापासनं!"

"वाह! लिही."

तिनं लिहिलं. हिरवी अक्षरं भराभरा खाली उतरू लागली. डावीकडं म्हाळसा तशीच थांबलेली न् उजवीकडची नावं बदलतायत. म्हाळसा-गौतम. म्हाळसा-प्रज्ञा. म्हाळसा-सरू. मग काकासाहेब, पुन्हा तिघांशी. मग आवडा, पुन्हा तिघांशी. म्हाळसाच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढ्याशा चार ओळी!

"सर, ह्यात अख्खा जिल्हा घातला तर?"

"अख्खा जिल्हा एकमेकाला भेटवील."

"कुणालाच न सोडता?"

"सोडायला शिकवलंय कुठं त्याला?"

तेवढ्यात डाव्या बाकावरून काकासाहेब बोलला, "सर, माझी न् त्या सरूची जोडी काढा त्यातनं."

सर रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची मागं ओढली.

"निघंल की. पण मशीन आपल्या मनानं कुणाला वगळत नाय. वगळायचं तर जास्तीची ओळ लिहावी लागती, दोघांची नावं घेऊन. ये, लिही."

काकासाहेबानं खुर्चीकडं पाहिलं. मग खाली, आपल्या अनवाणी पायांकडं. तो उठला नाही.

उठली ती सरू. सरळ येऊन म्हाळसाच्या शेजारी उभी राहिली, पडद्यावरची नावं वरपासून खालपर्यंत वाचली.

"सरक गं," ती म्हणाली. "आता माझं नाव बाहेर ठेव न् तू आत ये. बघू, तरी भेटतो का आपण."