लिंपलेली भिंत

साहेब, खोटं तुमचं होतं, पण ते लिंपून घेतलं मी.

शाळेसाठी जमीन तपासायला नदीकाठी खणलेल्या चाचणीखड्ड्यात काळ्या मातीतून पांढऱ्या वाळूची शीर वर चढलेली होती. खड्डा खणणाऱ्या कोंडाबाईंनी विचारलं, "हे काय वो दादा?" मी ऐटीत सांगितलं, "मावशी, शेकडो वर्षांपूर्वी मोठा भूकंप झाला, तेव्हा खालची ओली वाळू पातळ होऊन जमीन फाडत वर आली. पुन्हा झाला तर इथली घरं खचतील."

जागा पाहायला समिती यायच्या दिवशी तुम्ही म्हणालात, "शाळेची जागा ठरलीय. शीर दिसता कामा नये." मी मावशींना खड्ड्याची भिंत लिंपायला लावली. पाहुणे येणार म्हणून त्यांनी काळी माती कालवून ती चुलीसारखी गुळगुळीत केली. वर हसल्या, "बघा, कशी नवरीवानी दिसतीया!" मी अहवालात 'जमीन सुरक्षित' लिहिलं.

आज शाळा उघडली. नातीचं नाव घालून मावशी मला पेढा द्यायला आल्या. "दादा, ती वाळू आता नाही ना वर येनार?"

मी पेढा घेतला आणि आत येऊन तुम्हाला फोन लावला. साहेब, त्या अजून माझ्या दारात उभ्या आहेत. काय सांगू त्यांना? बोला.