बोटाचं माप

"वरची स्लाइड तू मागे ओढून बघ, डार्ला," ऑर्व्हल म्हणाला आणि काउंटरवरचं चौथं पिस्तूल त्यानं मुलीकडे सरकवलं. "माझ्या खांद्यात आता जोर नाही."

डार्लानं ओढली. निम्म्यात अडकली.

"जाम आहे, डॅडी."

"मग नको. व्हर्लिन, पुढचं काढ."

व्हर्लिननं सुस्कारा टाकून पुन्हा काच सरकवली. त्याच्या दुकानात एका भिंतीला मासेमारीच्या काठ्या आणि गांडुळांचे डबे, दुसऱ्या भिंतीला बंदुका. केंटकीच्या आमच्या या डोंगरात म्हाताऱ्याकडून गाडीची किल्ली काढून घेतली तर तो महिनाभर रुसतो. बंदूक काढून घेतली तर आख्खं गाव रुसतं. तरीही सकाळी कामावर जाताना डार्ला दुकानात डोकावली होती आणि व्हर्लिनला हात जोडून म्हणाली होती, "संध्याकाळी डॅडींना घेऊन येते. काहीही कारण सांग, पण त्यांना पिस्तूल विकू नकोस."

कारण विचारल्यावर तिनं गळ्यातला रुमाल खाली केला होता. बोटांचे वळ अजून हिरवट दिसत होते.

आठ दिवसांपूर्वीची गोष्ट. ती स्वयंपाकघरात बिस्किटांचं पीठ मळत होती. ऑर्व्हल मागून आला, तिला चोर समजला आणि त्यानं दोन्ही हातांनी तिचा गळा धरला. चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत राबलेले हात ते. खांदे गेले, पण पकड गेलेली नाही. मग फोन वाजला. एकाएकी त्यानं गळा सोडला, खुर्चीत बसला आणि कॉफी मागितली. नंतर त्या विषयावर चकार शब्द नाही. डॅडी विसरले, असं डार्ला धरून चालली. डॉक्टरनं तर आधीच सांगितलं होतं की विसरण्याचा हा आजार आता वाढतच जाणार. त्याच दुपारी तिनं घरातल्या सगळ्या बंदुका भावाकडे पोचवल्या. ऑर्व्हलनं त्याबद्दलही काही विचारलं नाही.

आणि आज नाश्त्याला बसल्या बसल्या म्हणाला, "खिशात मावेल असं छोटंसं पिस्तूल घ्यायचंय. तूच चल बरोबर." नाही म्हणाली असती तर शेजाऱ्याच्या गाडीत बसून गेला असता. आठ दिवस ती दाराला आतून खुर्ची लावून झोपत होती, म्हणजे झोपत नव्हतीच. आता भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. दाताच्या दवाखान्यातून सुटून ती तशीच, अंगावरच्या निळ्या युनिफॉर्मनिशी त्याला घेऊन आली होती.

"हे पंचवीस कॅलिबरचं," व्हर्लिन म्हणाला. "पण याच्या गोळ्या हल्ली मिळत नाहीत."

"मग दाखवतोस कशाला? ते कोपऱ्यातलं काढ."

"ते बावीसचं आहे. गोळी सुटताना धक्का जवळजवळ नाहीच. पण बावीस म्हणजे अगदीच पोरखेळ रे, ऑर्व्हल. अस्वल आलं तर त्याला गुदगुल्या होतील."

"अस्वल मारायला कोण निघालंय? डार्ला, ओढ."

या वेळी स्लाइड अलगद मागे आली. अडकल्याचं सोंग करायला हवं होतं, हे डार्लाच्या उशिरा लक्षात आलं. इतकी ती थकली होती.

"सोपं गेलं ना?"

"हो, डॅडी."

"आता खिशात टाक."

"माझ्या?"

"माझी विजार ढगळ. तीत काहीही मावेल. तुझ्या खिशात बसलं तर कुठेही बसेल."

तिनं टाकलं. ऑर्व्हलनं तिला दाराशी चालत जाऊन परत यायला लावलं.

"दिसतंय का रे?"

"नाही दिसत," व्हर्लिन नाइलाजानं म्हणाला. डार्लानं त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचारा गांडुळांचे डबे नीट लावायला लागला. पण मग त्याला एक सुचलं. त्यानं तिच्याकडून पिस्तूल घेतलं, गोळ्यांचं मॅगझिन काढून ते रिकामं असल्याची पुन्हा खात्री केली आणि ऑर्व्हलच्या हातात दिलं.

"जरा चापावर बोट ठेवून बघ."

चापाभोवतीची कडी लहान होती. ऑर्व्हलचं बोट पहिल्या पेरातच अडकलं. त्यानं ते फिरवलं, दाबलं. जाईना. कितीतरी वेळानं डार्लाला मोकळा श्वास घेता आला.

"झालं तर मग," व्हर्लिन घाईघाईनं म्हणाला. "तुझ्या पंजाला असली खेळणी चालायची नाहीत. घरी जा. शनिवारी मासे पकडायला जाऊ."

ऑर्व्हलला घाई नव्हती. त्यानं दुसऱ्या हाताचं बोट घालून पाहिलं. मग मधलं. मग करंगळी, तीसुद्धा चापापर्यंत पोचली नाही. सगळी बोटं करून झाल्यावर त्यानं पिस्तूल खाली ठेवलं.

"एकही जात नाही," तो म्हणाला. "हेच दे."

"अरे, डोकं फिरलं का तुझं?" व्हर्लिन बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"फिरलंय ना. म्हणून तर आलो."

व्हर्लिननं सरकारी फॉर्म काढला. ऑर्व्हलनं तो पेनासकट डार्लापुढे सरकवला.

"नाव तुझं लिही."

"मला कशाला, डॅडी?"

"रोज जवळ ठेवायचं. घरातसुद्धा. घरात तर नक्कीच." तो काउंटरच्या काचेकडे बघत बोलत होता. "त्या दिवशी फोन वाजला म्हणून माझे हात सुटले, पोरी. दर वेळी वाजेलच असं नाही."