हातांनी सांगितलेलं

बायको वसुधा तापाने गेल्याची तार श्रीरंगला न्युरेम्बर्गमध्ये मिळाली, तेव्हा साताऱ्यात तिला जाऊन तिसरा दिवस उजाडला होता. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि पुढेही रोज जात राहिला. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या वार्लपिरी जमातीच्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या आपापल्या आयुष्याच्या हकिकती टेपवर आल्या होत्या. त्या ऐकून आवाज तपासायचा आणि कोरी टेप निघाली तर बाजूला काढायची, हे त्याचं काम.

एका सकाळी लावलेल्या टेपवर नुसते प्रश्नच होते. एक प्रश्न, मग लांबलचक शांतता, मग पुढचा प्रश्न. त्याने खोक्यावर ‘कोरी’ असं लिहिलं.

शेजारच्या टेबलावरच्या फ्राऊ लिंडनर हसल्या. “अहो केळकर, ही कोरी नाही. त्या आजीबाईचा नवरा वारलाय. त्यांच्यात विधवा बाई कितीतरी महिने तोंडाने बोलत नाही, हातांच्या खुणांनी बोलते. अख्खं आयुष्य सांगितलंय तिने. आपल्या मशीनला दिसलं नाही, एवढंच.”

श्रीरंगने टेप बंद केली. “आणि बायको गेली तर नवऱ्याने काय करायचं?”

“पुरुषांना ती बंदी नसते. ते बोलू शकतात.” बाईंनी ‘कोरी’ खोडून टाकलं. “बरं, तुमची बायको एप्रिलातच येतेय ना? पहिला केक माझ्या घरी, सांगून ठेवते.”

“हो, एप्रिलातच,” तो म्हणाला.

 

वसुधा गेल्याचं इथे कुणालाही सांगायचं अजून राहिलंच होतं.