ठमीचे दात

“जाड हातमोजे घाला हं डॉक्टर, फार चावते ही,” मांजराची टोपली टेबलावर ठेवत नवरा म्हणाला. “आमच्या हिच्या हाताची चाळण करून ठेवलीय नुसती.”

बायको मागे उभी होती. हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी. दोघांच्या वाटचं नवराच बोलत होता.

डॉक्टरीणबाईंनी ठमीचा जबडा उघडला. हिरड्या लालभडक, सूज पार घशापर्यंत, लाळेत रक्त. तोंड एवढं ठणकत असताना दुसऱ्या मांजराने बाईंना फाडून खाल्लं असतं. ठमी नुसती थरथरत राहिली. बाईंनी हातमोजे काढून ठेवले.

“गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. किती महिने काढणार असे? हिच्या शरीराने हिच्याच दातांशी वैर धरलंय. सगळे काढावे लागतील.”

“काढा, काढा! घरात शांतता तरी नांदेल,” नवरा हसला.

तेव्हा कुठे बायकोच्या तोंडून शब्द फुटला. “मध्येच जाग नाही ना येणार?”

“छे हो! वजन करून, मोजून औषध देतो आम्ही. पत्ताही लागणार नाही तिला.”

केवढा जीव हिचा मांजरावर, बाईंना वाटलं. त्यांना ती आवडूनच गेली.

ऑपरेशन झकास झालं. टाके विरघळल्यावर बायको एकटीच ठमीला दाखवायला घेऊन आली. हिरड्या गुलाबी झाल्या होत्या, अंगावर मांस धरलं होतं. आता दूधभात चाटूनपुसून खाते म्हणे.

“आता खुशाल खेळा हिच्याशी,” बाई म्हणाल्या. “आणि तुमच्या जखमा? बघू हात.”

तिने जरा थांबून पट्टी सोडली.

जुने व्रण फिकट झाले होते. त्यांच्या शेजारी एक ताजा चावा होता, अजून ओला. मांजराचे सुळे दोन खोल भोकं पाडतात, हे बाईंना झोपेतही सांगता आलं असतं. हा चावा रुंद होता, अर्धगोल. पुढच्या चपट्या दातांची रांगच्या रांग उमटली होती.

बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. “ताई, अहो, हे...”

“ठमी बरी झाली, देवासारख्या धावून आलात,” पट्टी पुन्हा गुंडाळत ती शांतपणे म्हणाली. “फक्त एवढं सांगा. सगळे दात काढून होईपर्यंत जाग येऊ नये, तर ऐंशी किलोला ते औषध किती लागेल?”